पोतंभर कांड्या

आमच्या घरात खेळणी आणायची पद्धत नव्हती.
खेळणी उरायची.
सूत संपलं की कांडी उरायची,
विडीचं पान कापलं की कडा उरायच्या,
चादरीची किनार झाली की दोरे,
आणि सगळ्यांचं उरकलं की आम्ही.

दोन कांड्या आडव्या, वर काड्यापेटी:
आमची एस.टी. साखर पेठेतून सुटायची
आणि उंबऱ्याला आपटून हैदराबादला पोचायची.
कंडक्टर सिद्राम.
तिकीट म्हणून तेंदूच्या पानाची कातरण.
सुट्ट्यावरून भांडण व्हायचं,
"उतर बे खाली!"
आणि कुणीतरी खरंच उतरायचं,
रडत घरी जायचं.

अम्मा रागवायची तेलुगूत, हिशेब मराठीत.
मांडीवर सूप. हजार विड्या झाल्याशिवाय
मान वर नाही.
तिचा पान कापायचा पत्र्याचा फर्मा
मी एकदा बाहुलीला आरसा म्हणून दिला
आणि तो हरवला.
दुसरा मिळेपर्यंत तिने अंदाजाने पानं कापली,
दोन जुड्या छाटात गेल्या.
बाहुली चिंध्यांची होती, तिला काही वाटलं नाही.

विकतचं खेळणं म्हणजे गड्ड्यातलं.
होम मैदानावर धूळ, भज्यांचा वास,
आणि एका टबात पत्र्याची होडी,
पोटात मेणवात लावलेली,
फट फट फट गोल फिरणारी.
दर वर्षी मी तिथे उभी राहायचे
पाय दुखेपर्यंत.
बाबा म्हणायचे, "पुढल्या गड्ड्याला."
हा शब्द मी पुष्कळ वर्षं खेळले.
अजून मोडला नाही.

मग मिलचा भोंगा वाजायचा थांबला.
आम्हाला कुणी काही सांगितलं नाही.
त्या सकाळी शाळेला उशीर झाला, एवढंच.

आठ-दहा दिवसांनी
बाबा सायकलच्या कॅरियरला पोतं बांधून आले,
फरशीवर उपडं केलं.
कांड्या!
शंभर, दोनशे, मोजताच येईनात.
लाल टोकाच्या, हिरव्या टोकाच्या,
आणि तळाशी एक धोटा, दोन्ही टोकांना पितळ,
हातातून घासून घासून गुळगुळीत झालेला.
एवढी खेळणी आमच्या गल्लीत कधी आली नव्हती.
सिद्रामने लगेच आगगाडी मांडली
मोरीपासून थेट रस्त्यापर्यंत.
बाबा खाटेच्या कडेला बसलेले,
पँटची सायकल-क्लिप काढून हातात धरलेली,
ती कुठे ठेवायची ते जणू सुचत नव्हतं.
मी ओरडले,
"बाबा, उद्या अजून आणा!"

हे वाक्य मला परत घेता येत नाही.

पावसाळ्यात अम्माने त्या चुलीत घातल्या.
तेल प्यालेलं लाकूड. छान जळायचं.

परवा नातू आला पुण्याहून. निहांश, सहा वर्षांचा.
त्याच्याकडे एक गाडी आहे,
भिंतीला धडकली की स्वतःच मागे वळते
आणि इंग्रजीत सॉरी म्हणते.
मला आवडली. खोटं कशाला बोलू?
गुडघे दुखत असताना मी तासभर
ती सोफ्याखालून घालवली, काढली.
चार्जिंग संपलं तशी थांबली,
तोंड कपाटाकडे.

मग मी शिलाई मशिनच्या खणातून
एक कांडी काढून त्याला दिली.
लाल टोकाची. चुलीतून वाचलेली.
त्याने फिरवून पाहिली, आतून डोकावला.
"हे काय करतं?"
"काहीच करत नाही. आपणच करायचं."
तो जरा विचारात पडला.
मग कांडी टेबलावर आडवी ठेवून
तिला मोबाईल टेकवला,
कोन बघितला, सरकवला, पुन्हा बघितला.
"बरोबर बसला!"

मोबाईलमध्ये कुठल्याशा देशातलं एक पोरगं
खोकी फोडत होतं,
एकामागून एक, नवी कोरी खेळणी.
मी शेजारी बसले. चष्मा पुसला.
सातव्या की आठव्या खोक्यातून
होडी निघाली, निळी, प्लास्टिकची.
मी विचारलं, "हिची मेणवात कुठे लावायची?"
"श्श," तो म्हणाला,
"आजी, पुढचं बघ."